आजारांचाही फेरफार असतो

गेल्या पावसाळ्यात मामांना घेऊन नाशिकमधल्या एका रुग्णालयात गेलो होतो. केसपेपरच्या खिडकीतल्या मुलीने विचारलं, "आभा आहे का?" मामा म्हणाले, "नाही, मनीषा आलीय. चहा घ्यायला गेलीय खाली." मागची रांग हसली. का हसली ते मामांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आत डॉक्टरांनी विचारलं, "आधीचे काही आजार?" मामांनी प्लास्टिकची पिशवी टेबलावर पालथी केली. निफाडच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'शुगर'. एका जुन्या, पिवळ्या पडलेल्या डिस्चार्ज कार्डावर 'एनआयडीडीएम'. गेल्या वर्षीच्या कागदावर 'टी टू डीएम'. हे तिन्ही एकच, टाइप २ मधुमेह. चौथ्या कागदावर मात्र नुसतं 'पीआयडी' आणि खाली सही. डॉक्टर जरा थबकले, कारण सर्वसाधारणपणे पीआयडी म्हणजे बायकांच्या ओटीपोटातल्या अवयवांना झालेला जंतुसंसर्ग. मग त्यांची नजर मामांच्या शर्टाखालून डोकावणाऱ्या पट्ट्यावर गेली. हाडांच्या डॉक्टरांकडे त्याच तीन अक्षरांचा अर्थ होतो मणक्यातली सरकलेली गादी.

पट्टा दिसला म्हणून उलगडा झाला. कॉम्प्युटरला पट्टा दिसत नाही. आणि आता तर हे सगळे कागद कॉम्प्युटरवर चाललेत. मी रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे घरचे, शेजारचे सगळे मला आभा कार्ड, म्हणजे सरकारी आरोग्य-ओळखीचं कार्ड, कसं काढायचं ते विचारतात. त्याच्या आत आजारांची नावं कोण ठरवतं आणि ती बदलली की काय होतं, हे मात्र कोणी विचारत नाही. आज तेच सांगतो.

आभा म्हणजे फाइल नव्हे

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालं. आभा हा त्यातला चौदा आकडी क्रमांक. बऱ्याच जणांचा समज असा की आपले सगळे रिपोर्ट दिल्लीतल्या एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसतात. तसं नाही. कागद ज्या रुग्णालयाने किंवा लॅबने तयार केला, त्यांच्याकडेच राहतो. आभा ही त्यांना ओवणारी दोरी. दुसऱ्या डॉक्टरांना कागद हवा असेल तर तुमच्या मोबाइलवर परवानगी मागितली जाते, तुम्ही हो म्हटलं की तो तिकडे पोचतो.

म्हणजे दोन अनोळखी सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलायचं आहे. पाकीट कसं असावं, त्यावर नाव कुठे, तारीख कुठे, याचे नियम ठरलेले आहेत. पण पाकिटातल्या चिठ्ठीत एकाने 'शुगर' लिहिलं आणि दुसऱ्याला 'टाइप टू डायबेटीस'च कळत असेल, तर पाकीट पोचूनही उपयोग नाही. म्हणून केंद्र सरकारने २०१३ मध्ये आरोग्य नोंदींची मानकं काढली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. त्यांत आजार, लक्षणं आणि शस्त्रक्रिया यांच्यासाठी 'स्नोमेड सीटी' नावाचा शब्दसंग्रह सांगितला आहे. रक्त-लघवीच्या तपासण्यांसाठी लॉइंक नावाचा वेगळा संग्रह आहे, तो आज बाजूला ठेवू.

सर्व्हे नंबर समजतो ना? मग हे समजेल

स्नोमेड सीटीला शब्दकोश म्हणतात, पण तो जास्त करून जमिनीच्या दफ्तरासारखा आहे. गावात एखाद्या शेताला कोणी 'आंब्याचं वावर' म्हणतं, कोणी 'नाल्याकडचं', कोणी आजोबांच्या नावाने ओळखतं. तहसीलला यातलं काही चालत नाही, तिथे गट नंबर सांगावा लागतो. इथेही तसंच. प्रत्येक आजाराला, लक्षणाला, शस्त्रक्रियेला एक नंबर आहे आणि त्या नंबराला चिकटलेली अनेक नावं आहेत. हृदयविकाराच्या झटक्याचा नंबर २२२९८००६. मायोकार्डियल इन्फार्क्शन म्हणा, हार्ट अटॅक म्हणा, नंबर तोच.

आपल्या मराठीला तर याची फारच गरज आहे. 'त्यांना झटका आला' असं कोणी फोनवर सांगितलं, की तो हृदयाचा, लकव्याचा की फिटचा, हे विचारल्याशिवाय कळत नाही. 'कावीळ' हा आजार नाही, ते लक्षण आहे, आणि 'पांढरी कावीळ' म्हणून लोक जे म्हणतात त्याचा बहुतेक वेळा अर्थ हिपॅटायटिस बी असतो. छातीत दुखलं की 'गॅस झालाय'. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या नंबराकडे जायला हवा.

गट नंबर वाचून शेतात द्राक्षं आहेत की कांदा, ते समजत नाही. स्नोमेडचा नंबरही असाच मुका आहे, मुद्दामच. नंबरातच अर्थ भरला असता, तर वैद्यकाचं ज्ञान बदललं की नंबरही बदलावा लागला असता. शेवटचा आकडा तेवढा पडताळणीचा असतो. आधी येणाऱ्या आकड्यांवरून तो गणिताने काढतात, म्हणजे टाइप करताना आकडा चुकला की पकडता येतो. आधार क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यालाही हीच रीत वापरली आहे.

असे साडेतीन लाखांहून अधिक नंबर त्यात आहेत. अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्ट मंडळींचा एक संग्रह होता, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा दुसरा. दोन्ही एकत्र करून २००२ मध्ये स्नोमेड सीटीची पहिली आवृत्ती निघाली. आता तो सदस्य देशांच्या एका ना-नफा संस्थेकडे आहे. भारत २०१४ मध्ये सदस्य झाला आणि आपल्याकडचं त्याचं केंद्र पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेत आहे.

नंबराला वंशावळही आहे

खरी ताकद नंबरात नाही, नात्यात आहे. प्रत्येक नंबराला आईबाप असतात, आणि एकापेक्षा जास्त जोड्याही असू शकतात. मेंदूच्या आवरणाला झालेला क्षय हा क्षयाचाही प्रकार आणि मेंदूच्या आवरणाच्या सुजेचाही. दोन्ही घरांत त्याचं नाव लागतं. त्यामुळे जिल्ह्यातल्या क्षयरुग्णांची यादी मागा किंवा मेंदूज्वराच्या रुग्णांची, हा रुग्ण दोन्हीकडे सापडतो.

याचा फायदा तुम्हा-आम्हाला कुठे? समजा, तुमच्या नोंदीत 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी' आहे आणि पाच वर्षांनी दुसरे डॉक्टर घसा धरलाय म्हणून अमॉक्सिसिलिन लिहायला लागले. दोन्ही शब्द वेगळे आहेत. पण अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच घराण्यातलं आहे, हे वंशावळीत लिहिलेलं असतं. कॉम्प्युटर दोन पायऱ्या वर चढतो आणि लाल पट्टी दाखवतो. नुसते शब्द साठवणाऱ्या सॉफ्टवेअरला हे जमत नाही.

आयसीडी असताना हे कशाला?

डॉक्टर मित्रांचा हा पहिला आक्षेप. आयसीडी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण. विम्याच्या फॉर्मवर जो 'ई ११' किंवा 'ए ९०' असा कोड असतो, तो त्यातलाच. त्याचं मूळ बर्तिलाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे, आणि तो स्वभाव अजून गेलेला नाही. आयसीडीला मोजायचं असतं.

लासलगावच्या बाजार समितीच्या फळ्यावर लाल कांदा इतका आला, उन्हाळ इतका आला, एवढंच लिहिलेलं असतं. सरकारला तेवढं पुरतं. पण लिलावात ट्रॅक्टरपुढे उभा राहिलेला व्यापारी कांदा हातात घेऊन बघतो: गोल्टी (बारीक कांदा) किती, मोड आलेत का, ओला आहे का. आयसीडी म्हणजे तो फळा. स्नोमेड म्हणजे व्यापाऱ्याची नजर. फळ्यावर शेवटी 'इतर' असा रकाना ठेवावाच लागतो आणि त्यात नको ते सगळं जाऊन पडतं.

दोन्ही लागतात. डॉक्टरांनी बारकाव्याने लिहावं आणि त्यावरून फळ्यावरचा आकडा मशीनने काढावा, यासाठी स्नोमेडकडून आयसीडीकडे नेणारे तयार तक्ते आहेत. उलटा प्रवास होत नाही. फळ्यावरच्या आकड्यावरून कोणाच्या ट्रॉलीत गोल्टी होती, ते कसं सांगणार?

एकदा नंबर दिले, मग सारखं बदलायचं काय?

इथे खरी गोम आहे. लोकांना वाटतं, सॉफ्टवेअर बसवलं, कोड घातले, काम संपलं. जमिनीचं दफ्तर असं चालतं का? वारस लागतात, खरेदीखत होतं, हिस्से पडतात, एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर येतात. प्रत्येक वेळी फेरफार धरावा लागतो. आजारांच्या दफ्तराचं तसंच आहे, आणि फेरफारही एका जातीचे नाहीत.

सगळ्यात सोपा, नाव बदलणं. नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'मंकीपॉक्स'चं 'एमपॉक्स' केलं आणि वर्षभर दोन्ही नावं चालतील असं सांगितलं. आजार तोच, म्हणून नंबर तोच ठेवून नवं नाव पुढे लावायचं. जुनं नाव पुसायचं नाही, कारण शोधणारा जुन्याच नावाने शोधणार. आपल्याकडे तलाठ्याचं 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, पण गावात 'तलाठी आप्पा आले का?' असंच विचारतात.

दुसरा, नव्याने नंबर देणं. २०२० च्या जानेवारीत कोविडला नंबर नव्हता, असणारच कसा? आजाराला 'कोविड-१९' हे नाव मिळालं ११ फेब्रुवारीला. तोवर आलेले रुग्ण 'विषाणूजन्य न्यूमोनिया' अशा मोठ्या गोठ्यात बांधले गेले. स्नोमेडची आवृत्ती तेव्हा जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा निघायची. या आजारासाठी मार्चमध्ये मधेच जादा आवृत्ती काढावी लागली. २०२२ पासून तर ती दर महिन्याला निघते. म्हणजे जिथे वर्षाला दोन फेरफार-नोंदवह्या यायच्या, तिथे आता बारा येतात.

तिसरा प्रकार मामांच्या पिशवीतच होता. 'एनआयडीडीएम' म्हणजे 'इन्सुलिनवर अवलंबून नसलेला मधुमेह'. कधी काळी मधुमेहाची वाटणी अशी औषधावरून केलेली होती: इन्सुलिन लागणारा आणि न लागणारा. मग मामांना सहा वर्षांपूर्वी इन्सुलिन सुरू झालं. म्हणजे आता त्यांचा आजार बदलला? लहानपणी होणारा, शरीरात इन्सुलिनच न बनणारा मधुमेह त्यांना अचानक झाला? अर्थात नाही. औषधाच्या नावावरून आजाराला ओळखण्यातच घोळ होता. अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेने १९९७ मध्ये ही नावं सोडून आजाराच्या कारणावरून टाइप १ आणि टाइप २ अशी वाटणी पक्की केली. डॉक्टरांच्या पेनातून जुनी नावं जायला पुढे कितीतरी वर्षं लागली. मामांचं कार्ड २००९ चं आहे.

चौथा सगळ्यात अवघड. २०२३ मध्ये यकृताच्या तज्ज्ञांच्या अनेक संघटनांनी मिळून 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर' हे नाव टाकलं आणि चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेलं नवं नाव घेतलं. 'फॅटी' हा शब्द रुग्णाला कमीपणा आणतो, हे एक कारण. पण नुसतं नावच बदललं असं नाही. नव्या व्याख्येत बसायचं तर यकृतातल्या चरबीबरोबर वाढलेलं वजन, साखर, रक्तदाब किंवा रक्तातली चरबी यांपैकी निदान एक गोष्ट असायला हवी. म्हणजे नावाबरोबर बांधही सरकला. जुन्या यादीतले सगळेच्या सगळे रुग्ण नव्या नावाखाली ढकलले, तर काहीजण दुसऱ्याच्या वावरात जाऊन बसतील.

कंस करतात, पुसत नाहीत

सातबाऱ्यावर जुन्या मालकाचं नाव कोणी खोडरबराने पुसत नाही. त्या नावाला कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा नंबर टाकतात. पन्नास वर्षांनी कोर्टात वाद गेला तरी जमीन कोणाकडून कोणाकडे आली, ते काढता येतं. स्नोमेडचा कायदा हाच. एकदा दिलेला नंबर कधी नाहीसा होत नाही आणि दुसऱ्या आजाराला पुन्हा दिला जात नाही. तो फक्त 'निष्क्रिय' होतो, तारखेसह आणि कारणासह. कारणं ठरलेली आहेत: दुबार नोंद, संदिग्ध, चुकीची, कालबाह्य.

मग पुढे कुठे जायचं, त्याचा बाण असतो. कधी 'हा नंबर त्या नंबरासारखाच', कधी 'याच्या जागी तो'. हे दोन मशीनला जमतात. तिसरा बाण म्हणतो, 'यांपैकी एखादा असू शकेल'. माझ्या कामातले निम्मे वाद या तिसऱ्या बाणावरून होतात. जुना एक सर्व्हे नंबर फुटून तीन पोटहिस्से झाले आणि तुमचं नाव नेमकं कुठल्या हिश्शाला, ते कागदावरून कळत नाही, अशी ती स्थिती. तिथे पंचनामाच करावा लागतो. डॉक्टरांनी फाइल उघडून ठरवायचं. सॉफ्टवेअरवाल्यांनी घाईत यादीतला पहिला पर्याय निवडून मोकळं व्हायचं नाही.

सुरगाण्याच्या मुलीचं कार्ड

हे सगळं कोणाला वरवरचं वाटत असेल, तर आपल्याच जिल्ह्यातला विषय घेऊ. सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी पट्ट्यात सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी चालते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा, असं त्याचं उद्दिष्ट आहे.

प्राथमिक तपासणी स्वस्त आणि झटपट आहे. रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा, गढूळ झालं की 'पॉझिटिव्ह'. अडचण अशी की आजारी माणसाचंही गढूळ होतं आणि नुसत्या वाहकाचंही. वाहक म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच दोष आलेला. तो सहसा ठणठणीत असतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक, एवढं त्याने लक्षात ठेवायचं. ज्याच्याकडे दोन्ही बाजूंनी दोष आला तो रुग्ण. त्याची हाडं दुखतात, रक्त कमी होतं, त्याला नियमित औषध आणि लसी लागतात. वाहक कोण, रुग्ण कोण, ते दुसऱ्या, मोठ्या तपासणीतच कळतं.

आता कार्डावर कोणी नुसतं 'सिकल पॉझिटिव्ह' लिहिलं तर? स्नोमेडमध्ये 'तपासणी पॉझिटिव्ह', 'वाहक' आणि 'आजार' हे तीन वेगवेगळे नंबर आहेत. आजाराच्या खाली आणखी फाटे आहेत. डेटा एन्ट्री करणारा माझा एक ओळखीचा मुलगा सांगत होता, की तो काम करायचा तिथल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दोनच पर्याय होते: 'सिकल सेल अ‍ॅनिमिया' आणि 'अदर्स'. वाहक आला की तो कधी हे निवडायचा, कधी ते. म्हणाला, "सर, ज्या दिवशी लाइट जायची भीती असायची त्या दिवशी सगळे अदर्स." तो मुलगा चुकला असं मी म्हणणार नाही. त्याला यादीच कोती दिली होती.

यातली एक चूक धडधाकट मुलीच्या लग्नात आडवी येते. दुसरी चूक खऱ्या रुग्णाचं औषध थांबवते.

फेरफार गावात पोचला का?

समजा, वरची समिती नीट काम करते, दर महिन्याला आवृत्ती निघते. ती रुग्णालयापर्यंत येते का? एकाकडे २०१९ ची यादी, दुसऱ्याकडे या महिन्याची, तिसऱ्याने कोणीतरी बनवून दिलेली एक्सेल शीट सॉफ्टवेअरमध्ये चिकटवलेली. हे तिन्ही प्रकार मी पाहिलेत.

नुकसान आवाज न करता होतं. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला मधुमेहाच्या रुग्णांना डोळे तपासायला बोलवायचं आहे. ती बटण दाबते, यादी येते. पण मधल्या काळात एक नंबर निष्क्रिय झाला आणि त्या नंबराखाली नोंदवलेली माणसं यादीत आलीच नाहीत. स्क्रीनवर चूक दाखवत नाही, लाल दिवा लागत नाही. यादी तेवढी लहान होते. गावातल्या कोणाला फोन आला नाही, हे सिस्टरला कळायला मार्ग नसतो.

उपाय काही जगावेगळे नाहीत. प्रत्येक नोंदीबरोबर ती कुठल्या आवृत्तीप्रमाणे केली ते साठवायचं. नवी आवृत्ती आली की आपल्याकडे वापरात असलेले कुठले नंबर कंसात गेले त्याची यादी काढायची. सरळ बाण मशीनने फिरवायचे, तिसऱ्या जातीचे डॉक्टरांपुढे ठेवायचे. आणि एक गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी हट्टाने सांगतो: डॉक्टरांनी मुळात जे शब्द लिहिले ते नंबराशेजारी जसेच्या तसे राहू द्या. पाकिटाच्या नियमांत त्यासाठी जागा ठेवलेलीच आहे. २००९ मध्ये कोणी 'एनआयडीडीएम' लिहिलं असेल तर तो त्या दिवसाचा पुरावा आहे. नवा अर्थ त्याच्या शेजारी जोडा, त्याच्यावर लिहू नका.

माझी तक्रार खरेदीच्या कागदांबद्दल आहे. सॉफ्टवेअर बसवण्यासाठी पैसे असतात, प्रशिक्षणाच्या चहा-समोशासाठी असतात. दर महिन्याचा फेरफार कोण धरणार, याचा रकाना मी फार थोड्या निविदांमध्ये पाहिला आहे.

डॉक्टरांनी रुग्ण बघायचा की यादी?

हा आक्षेप रास्त आहे. सकाळच्या ओपीडीत बाहेर सत्तर माणसं बसलेली असताना साडेतीन लाखांतून एक निवडा, म्हणून सांगणं म्हणजे थट्टा आहे. यादी लांब असली की माणूस वरचा पहिला पर्याय दाबतो, मग तो बरोबर असो की चूक. म्हणून जागेप्रमाणे छोट्या याद्या काढायच्या असतात. पेठच्या आरोग्य केंद्राला सर्पदंश, विंचूदंश, सिकल सेल, कुपोषण वरती लागतं. कॉलेज रोडवरच्या त्वचारोगतज्ज्ञाला खरूज, गजकर्ण आणि नागीण. डॉक्टरांनी तीन अक्षरं टाइप करावीत आणि आपलं नेहमीचं नाव समोर यावं. नंबर त्यांना दिसलाही नाही तरी चालेल. जिथे दिसतो तिथे सॉफ्टवेअर वाईट आहे, असं खुशाल समजा.

म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे. ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, सगळ्यांच्या राज्यभरातल्या बहुतेक पदव्या तिथूनच निघतात. नोंद कशी करायची हे इंटर्नशिपच्या आधी शिकवलं गेलं, तर नंतरची बरीच डोकेदुखी वाचेल, असं मला वाटतं.

परदेशी यादीवर आपण का चालायचं? मराठीत का नाही?

मूळ यादी इंग्रजीतली आहे, हे खरं. पण भारत सदस्य असल्याने देशात ती वापरायला वेगळी फी पडत नाही, नोंदणी करून परवाना घ्यावा लागतो. शिवाय आपले पोटहिस्से जोडायची मुभा आहे. भारतीय औषधांसाठी असा जोड तयार केलेला आहे.

आयुर्वेदाचं प्रकरण जास्त नाजूक आहे. 'आमवात' म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असं सर्रास लिहिलं जातं. पंचवटीतल्या कुठल्याही जाणत्या वैद्यांना विचारा, ते सांगतील की दोन्ही पुष्कळ जुळतात पण एक नाहीत. एका नंबरात दोन्ही कोंबले तर दोन्ही शास्त्रांचं नुकसान. म्हणून आयुष मंत्रालयाने 'नमस्ते' नावाच्या पोर्टलवर आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीचे वेगळे कोड ठेवले आहेत. आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत या तिन्ही पद्धतींसाठीचा भाग जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत प्रसिद्ध झाला. आमवात आमवातच राहतो, शेजारी आधुनिक निदान वेगळं लिहिता येतं.

मराठीचं म्हणाल, तर नंबराला भाषा नसते. स्पॅनिश, स्वीडिश, डच लोकांनी त्याच नंबरांना आपापली नावं चिकटवली आहेत. आपणही चिकटवू शकतो. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर तेलंगणातले कोणी आजोबा चक्कर येऊन पडले आणि त्यांच्या मुलाने मोबाइलवर परवानगी दिली, तर तंबूतल्या मराठी डॉक्टरांना तेलुगू वाचता यायची गरज नाही. अर्थात तिकडच्या रुग्णालयाने नंबर घातलेला असेल तर, आणि तो चालू असेल तर.

एआय सगळं वाचतंय, मग कोड कशाला?

हल्ली हा प्रश्न रोज येतो. वाचतं, आणि बऱ्यापैकी वाचतं. पण 'आईला शुगर होती', 'शुगर नाही', 'शुगरची शंका' या तिन्ही वाक्यांत शुगर आहे आणि रुग्णाला ती आहे असं एकातही नाही. स्नोमेडमध्ये घराण्यातला आजार, नसलेला आजार, संशयित आजार हे मांडायला वेगळी सोय आहे. एआयने चिठ्ठी वाचून योग्य नंबर सुचवावा, डॉक्टरांनी बघून हो म्हणावं, ही जोडी मला पटते. एआयने वाचलं, कुठे काय लिहिलं कोणी पाहिलं नाही, ही पटत नाही.

आणि गुप्ततेची भीती? नंबर म्हणजे कुलूप नव्हे, २२२९८००६ चा अर्थ कोणीही शोधू शकतो. तुमची माहिती कोणाला दाखवायची ते परवानगीवर आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर अवलंबून आहे. मोबाइलवर परवानगीची विनंती आली की कोणी मागितली, कशासाठी आणि कधीपर्यंत, हे वाचूनच हो म्हणा.

पिशवीचं काय झालं

डॉक्टरांनी मामांच्या नोंदीत टाइप २ मधुमेह आणि कमरेच्या मणक्याची सरकलेली गादी, असं दोन्ही पूर्ण नावाने घातलं. पीआयडी शब्द त्यांनी कंसात राहू दिला, ते मला आवडलं. बाहेर पडताना मी मामांना म्हटलं, पुढच्या वेळी कुठेही नुसती तीन अक्षरं लिहून दिली तर पूर्ण नाव विचारून घ्यायचं, आणि घरात कोणाला 'सिकल पॉझिटिव्ह' सांगितलं तर वाहक की रुग्ण, ते कागदावर मागायचं.

मामांचं लक्ष पिशवीकडे होतं. "म्हणजे आता हे सगळं त्या आभाकडे गेलं?"

"नाही, रुग्णालयातच आहे. जुने कागद तर कुठेच चढलेले नाहीत. पिशवी टाकू नका."

"टाकतोय कशाला," असं म्हणत त्यांनी नवा केसपेपर घडी करून आत सारला, पिशवीला गाठ मारली आणि मनीषाकडे दिली.